फोर व्हील ओढत नाही? ट्रान्सफर उघडण्यापूर्वी हे पाहा

मृग बरसला की आमच्या वाशिम जिल्ह्यात आठवडी बाजार करणाऱ्या कापड व्यापाऱ्याची परीक्षा सुरू होते. कारंजा, मंगरूळपीर, रिसोडपर्यंत डांबरी रस्ता आहे. तेथून आत खेड्याकडे वळले की काळी चिकण माती. ती पाण्याने फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग नवा टायरही गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. यासाठीच आमच्यापैकी काहींनी जास्तीचे पैसे मोजून फोर व्हीलची पिकअप घेतली. तीच ऐन वेळी दगा देते तेव्हा काय करावे, हा आजचा विषय आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी साड्या, लुंग्या आणि शाळेच्या गणवेशाचे कापड घेऊन आम्ही एका पांदण रस्त्यात रुतलो. मुलाने उतरून पुढच्या चाकांच्या दोन्ही हबच्या चकत्या ‘लॉक’कडे फिरविल्या. आम्ही लिव्हर ओढला, दिवा लागला. मागची चाके घुमू लागली; पुढची दोन्ही तशीच उभी. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढले. बाजार बुडाला आणि खालचे दोन गठ्ठे भिजले ते वेगळेच. गॅरेजमध्ये सांगण्यात आले की ट्रान्सफर गेली, उघडावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकला तेव्हा ईदचा माल कशाने भरायचा, हाच प्रश्न पडला.

सुदैवाने गाडी एका वृद्ध उस्तादांना दाखविली. त्यांनी ट्रान्सफरला हातही लावला नाही. डाव्या चाकाचा हब उघडला. आतले जुने ग्रीस मातीत मिसळून डिंकासारखे घट्ट झाले होते. बाहेरची चकती फिरत होती, पण आतली कडी सरकून ॲक्सलला धरत नव्हती. घासलेटने धुतले, कोरडे केले, हलका ग्रीसचा हात दिला, काम झाले.

आमचा प्रश्न साधा होता: एक हब बिघडला तर दोन्ही चाके का थांबावीत? उस्तादांनी जे समजाविले ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावे. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफरमध्ये येते. लिव्हर ओढल्यावर ट्रान्सफर ती पुढच्या प्रोपेलर शाफ्टलाही देते. तेथून ती पुढच्या डिफरन्शियलमध्ये, मग ॲक्सलमधून हबमध्ये आणि हबमधून चाकाला मिळते. डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूला तो सारे फिरणे सोडून देतो. डाव्या हबने चाक धरलेच नाही, म्हणून डावा ॲक्सल आतल्या आत मोकळा फिरत राहिला आणि उजव्या चाकाला काहीच मिळाले नाही. आणि दिवा? तो बहुतेक गाड्यांत फक्त लिव्हर किंवा ट्रान्सफर जागेवर आल्याचे सांगतो. हबचे त्याला काही ठाऊक नसते.

दोष कोठे आहे हे पाहण्याची रीतही त्यांनी दाखविली. ही रीत लिव्हर आणि हाताने फिरविण्याच्या हबच्या गाड्यांसाठी आहे. सपाट जागी दोन्ही हब लॉक करून, लिव्हर फोर व्हीलमध्ये टाकून गाडी दहा-पंधरा फूट सरळ न्यावी, म्हणजे आतले दाते नीट बसतात. मग इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना उटी. पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. किंचित हलून अडले तर त्या बाजूचे काम ठीक. मोकळे फिरले आणि त्याबरोबर प्रोपेलर शाफ्टही फिरला, तर ट्रान्सफर लागत नाही. त्यातही आधी लिव्हरचे बाहेरचे सांधे गंजले आहेत का ते पाहावे. चाक फिरते पण शाफ्ट स्थिर आहे, तर दोघांपैकी कोणत्या तरी हबमध्ये किंवा ॲक्सलमध्ये दोष आहे. मात्र चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करू नये. फोर व्हीलमध्ये जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून उडवितील. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणेही जिवावर बेतते.

बटणाच्या गाड्यांत आधी फ्यूज आणि ट्रान्सफरवरचे वायरीचे जोड पाहावेत. चिखलाने ते हिरवे पडतात. बटण दाबल्यावर खालून छोट्या मोटारीचा आवाज येतो का तेही ऐकावे. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमने लागतात. त्यांचा रबरी पाइप चिरतो, आणि गोदामाजवळ उभ्या गाडीचा तो उंदीरही सोडत नाहीत. (कापडाच्या धंद्यात उंदरांशी आमची जुनी ओळख आहे.)

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. फोर व्हील लागलेली असूनही पुढचे एक आणि मागचे एक चाक घुमते आणि बाकी दोन उभी राहतात. हा डिफरन्शियलचाच स्वभाव आहे. घुमणाऱ्या चाकाखाली दगड, पऱ्हाटी किंवा पोते घालावे. दुसरे म्हणजे लिव्हर परत निघत नाही. अशी फोर व्हील डांबरी रस्त्यावर चालविली की पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक मातीत सरकून जातो तसा जाऊ शकत नाही, तो शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो. अशा वेळी लिव्हरवर हातोडी मारू नये. गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ उतरतो आणि लिव्हर आपोआप सुटतो. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असले तरी हाच त्रास होतो. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या गाड्या शेलूबाजार, कारंज्याकडून वेगाने पळू लागल्या. त्या रस्त्यावर चढण्यापूर्वी लिव्हर टू व्हीलमध्ये आणि हब मोकळे आहेत, याची खात्री करावी.

आमच्या गाडीचे खरे दुखणे वापर नसणे हे होते. पावसाळा संपला की हबला कोणी हात लावत नाही. आता आम्ही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवितो. नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफरचे तेल तपासतो. तेल दुधाच्या चहासारखे दिसले की पाणी शिरले समजावे आणि ते त्याच आठवड्यात बदलावे.

एक गोष्ट आमच्या मिस्त्री बांधवांसाठी आणि तितकीच आम्हा व्यापाऱ्यांसाठी. आपण उघडण्याची मजुरी देतो, पाहण्याची देत नाही. मग मिस्त्रीने अर्धा दिवस तपासण्यात का घालवावा? उस्तादांनी हब धुण्याचे अगदी थोडे पैसे मागितले. आम्ही विचारले, दोष शोधला त्याचे किती? ते हसले, म्हणाले, त्याचे आजवर कोणी दिलेच नाहीत. आम्ही दिले. आता गाडी गॅरेजमध्ये नेली की तपासणीची मजुरी आधी ठरवितो, आणि दोष डोळ्यांनी दाखविल्याशिवाय नट सैल करू देत नाही.