ठासणीच्या बंदुकीचा नेम

धम्माचे संस्कार देणाऱ्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत बंदुकीवरील लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. धम्मपदात चित्ताला वळण लावणाऱ्या ज्ञानी माणसाला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिलेली आहे. आम्हांलाही येथे शस्त्राशी नव्हे, तर कारागिराच्या दक्षतेशी कर्तव्य आहे. शिवाय ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यातील लक्ष्य केवळ कागदाचे असते.

पिकांच्या राखणीसाठी कोकणात वापरली जाणारी ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली असेल. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची, ही तिची रीत. अमेरिकेत १९व्या शतकात याच रीतीच्या रायफलींनी अचूक नेमबाजीच्या स्पर्धा होत असत. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात. त्यांमुळे गोळीला फिरकी मिळते व तिची दिशा स्थिर राहते. स्पर्धेतील काही रायफली २० किलोंहूनही जड असत. त्या भक्कम बाकावर टेकवून गोळी झाडीत. प्रत्येक छिद्राचे मध्यबिंदूपासूनचे अंतर दोरीने मोजून त्यांची बेरीज करीत. ज्याची दोरी सर्वांत आखूड, तो विजयी.

बाकामुळे हात थरथरल्याची सबब उरली नाही, तरीही नेम चुके. दोष बहुधा गोळी भरण्यातच असे. तोंडातून शिरताना गोळी किंचित तिरपी झाली, अथवा गजाच्या घर्षणाने तोंडाची कड झिजली, तर गोळी बाहेर पडतेवेळी मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि तिची दिशा ढळते.

मॅसॅच्युसेट्समधील ॲल्व्हन क्लार्क या व्यक्तिचित्रकाराने यावर उपाय योजला व १८४० साली त्याचे पेटंट घेतले. नळीच्या टोकास खुंट्यांनी बसणारा एक आखूड तुकडा जोडायचा व दोहोंतील खाचा एकत्रच कापायच्या, म्हणजे सांधा तंतोतंत जुळतो. गोळी त्यातून सरळ उतरते, झीजही त्याच तुकड्याची होते. बार काढण्यापूर्वी मात्र तो न विसरता उतरवावा लागतो. म्हणून पुष्कळ कारागीर त्यावर नेमाची रेषा अडवणारी गुंडी बसवीत.

हेच क्लार्क पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगप्रसिद्ध झाले. १८६२ साली त्यांच्या कारखान्यातील नव्या भिंगाची परीक्षा घेताना त्यांच्या पुत्राला व्याध ताऱ्याचा अंधूक सोबती प्रथम दिसला.

१९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी हा खेळ आजही जिवंत ठेवला आहे. तेथील नेमबाज दारू मोजून घेतो, नळी पुसतो, वाऱ्याची निशाणे पाहतो; प्रत्येक बाराला तेच, त्याच क्रमाने.

विद्यार्थ्याला अपयश आले की आपण परीक्षेच्या दिवसाकडे बोट दाखवतो. पालकांनी व आम्ही शिक्षकांनी त्याआधीच्या भरणीकडे पाहावे. चूक तेथे सापडली, तर ती सुधारता येते.