न्याहारीचा वेळ रात्रींच जातो

सकाळीं लवकर घराबाहेर पडणाऱ्या माणसानें काय खावें, हा प्रश्न शहरांतल्या लोकांना अलीकडे फार अवघड वाटूं लागला आहे. शेतकऱ्याच्या घरीं तो पूर्वींच सुटलेला होता. न्याहारी झटपट व्हावी अशी आज प्रत्येकाची इच्छा असते. परंतु झटपट होणारा पदार्थ म्हणजे ज्याला वेळच लागत नाहीं असा पदार्थ नव्हे. त्याला लागणारा वेळ आदल्या रात्रीं कोणीतरी खर्च केलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. नंदुरबार जिल्ह्यांतल्या चुलीपुढें बसून पाहिलें म्हणजे ही गोष्ट चांगली समजते.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा निराळा झाला. तापीच्या कांठची काळी जमीन, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा, असें त्याचें स्वरूप आहे. दोनतृतीयांशांहून अधिक वस्ती भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी जमातींची आहे. शहादें व तळोदें या भागांत गुजर शेतकरी पुष्कळ आहेत. बोली निरनिराळ्या, परंतु टोपलींतली भाकरी जुन्या रीतीनें ज्वारीची, आणि डोंगरांत मक्याचीही.

या भाकरीचा एक प्रकार खानदेशांत ‘कळण्याची भाकरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. साधारण चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि त्यांतच थोडें मीठ असें दळून आणलें म्हणजे कळण्याचें पीठ तयार झालें. ज्वारींतल्या प्रथिनांत लायसिन नांवाचें एक आवश्यक द्रव्य फार कमी असतें. कडधान्यांत तें भरपूर असतें. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. हें रसायनशास्त्र कोणाला ठाऊक नसतांनाच हें मिश्रण घराघरांतून ठरून गेलें, आणि सासूकडून सुनेला मिळत गेलें. त्याबरोबरच आणखी एक नियम मिळत गेला: संध्याकाळीं भाकऱ्या करतांना दोन-चार भाकऱ्या अधिक थापावयाच्या. त्या उरतात असें नव्हे. त्या मुद्दाम उरवितात.

शिळी भाकरी फोडणीला घालणें हें गरिबीचें लक्षण समजणारे लोक आहेत. त्यांनीं एकदां ताजी भाकरी कुस्करून फोडणीला घालून पाहावी. तिचा लगदा होतो. गव्हांत कणीक ताणून धरणारें जें चिकट द्रव्य असतें तें ज्वारींत नाहीं; म्हणून ज्वारीचें पीठ गरम पाण्यानें मळतात. गरम पाण्यानें पिठांतलें पिष्ट फुगतें, आणि तेंच भाकरीला बांधून धरतें. भाकरी रात्रभर निवली म्हणजे हें पिष्ट पुन्हां घट्ट होतें व तिचे कण मोकळे सुटतात. असें घट्ट झालेलें पिष्ट कांहीं अंशीं सावकाश पचतें, त्यामुळें शेतावर जाणाऱ्याला भूकही लवकर लागत नाहीं. तेव्हां फोडणीसाठीं शिळी भाकरी ही अडचणींतली तडजोड नसून तिच हवी असते.

कृति अगदीं सोपी आहे. दोन भाकऱ्या हातानें बारीक कुस्करून त्यांवर तीन-चार चमचे ताक शिंपडावें. कढईंत दोन चमचे शेंगदाण्याचें तेल तापवून मोहरी, जिरें, ठेचलेला लसूण व लाल मिरचीचे तुकडे टाकावे. कांदा परतून हळद व मीठ घालावें, मग भाकरीचा कुस्करा घालून हलवावें आणि झांकण ठेवून पांच मिनिटें मंद विस्तवावर वाफ आणावी. वरून दाण्याचें कूट पेरावें. दहा-बारा मिनिटांत दोघांची न्याहारी होते. मिरची कोणती घ्यावी हें मात्र नंदुरबारकरांना विचारूं नये. हिंवाळ्यांत शहराच्या आसपासचीं मैदानें वाळत घातलेल्या मिरचीनें लाल झालेलीं असतात, आणि परगांवचा माणूस शिंकत शिंकतच गांवांत शिरतो.

दुसरा पदार्थ धिरड्यांचा. निजण्यापूर्वीं ज्वारीचें पीठ ताकांत सैलसर कालवून झांकून ठेवावें. रात्रभरांत ताकांतले सूक्ष्म जीव तें आंबवितात. आंबल्यामुळें पिठाला चव येते हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु धान्यांतल्या लोहाला अडकवून ठेवणारें जें आम्ल असतें तेंही आंबण्यानें कमी होतें व लोह अंगीं लागण्यास मदत होते, हें तितकेंसें ठाऊक नसतें. सकाळीं त्यांत कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर चिरून घालावी, मीठ घालावें आणि तेल लावलेल्या तव्यावर पातळ पसरावें. उन्हाळ्यांत पीठ फार लवकर आंबतें. तेव्हां तें उशिरा कालवावें.

आतां हीच युक्ति अगदीं दूरच्या एका देशांतल्या घरांत कशी आढळते तें पाहण्यासारखें आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेस युक्रेन हा गव्हाचा व काळ्या मातीचा देश आहे. तेथील घरांत न्याहारीला ‘सिर्निकी’ नांवाच्या लहान चपट्या वड्या करतात. दूध उबेला ठेवून आंबवावयाचें, मग मंद आंचेवर तापवून पाणी सुटलें म्हणजे फडक्यांत बांधून टांगावयाचें. जो गोळा राहतो त्याला ते ‘सिर’ म्हणतात. आपल्याकडचा चक्का व पनीर यांच्या मधला हा पदार्थ समजावा. सकाळीं त्यांत एक अंडें, दोन-तीन चमचे मैदा, किंचित् मीठ व साखर घालून वड्या वळावयाच्या, आणि दोन्ही बाजूंनीं तांबूस परतून सायीच्या दह्याबरोबर खावयाच्या. पंधरा मिनिटांचें काम. पण त्यामागें आदल्या दिवसाचें विरजण आहे. अंडें न खाणाऱ्यांनीं थोडा रवा अधिक घालावा. मात्र उलटतांना जपावें लागतें. कुट्टूची लापशी जुन्या मोठ्या भट्टीच्या उरलेल्या उबेंत ठेवून देण्याची चालही त्या देशांत होती. विस्तव विझला तरी ऊब वायां जाऊं द्यावयाची नाहीं, हा विचार नंदुरबारच्या गृहिणीला परका वाटणार नाहीं.

त्या लोकांनीं उपासमार फार जवळून पाहिली आहे. १९३२-३३ सालीं सरकारच्या जबरदस्तीच्या धान्यवसुलीमुळें तेथें जो दुष्काळ पडला त्यांत लक्षावधि माणसें मेलीं. १८९१ पासून तेथील शेतकरी कॅनडांत जाऊन राहूं लागले, आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या घरांत आजीचे पदार्थ अजून होतात. फेब्रुवारी २०२२ पासूनच्या युद्धानें आणखी लक्षावधि कुटुंबें देशोधडीला लागलीं. त्याच वर्षाच्या जुलैंत युनेस्कोनें युक्रेनची ‘बोर्श्च’ हें बिटाचें सार शिजविण्याची परंपरा तांतडीनें जपावयाच्या वारशांच्या यादींत घातली. साराची कृति कागदावर लिहिलेली होतीच. ती कोणी विसरणार नव्हतें. भीति होती ती माणसें आपल्या परसापासून, गांवापासून व एकत्र रांधण्यापासून तुटण्याची.

नंदुरबारला युद्ध नाहीं, पण तुटणें आहे. या जिल्ह्यांतलीं पुष्कळ आदिवासी कुटुंबें पावसाळ्यानंतर दक्षिण गुजरातेंत ऊसतोडीला जातात व पुढच्या पावसाच्या सुमारास परततात. फडावरच्या खोपटींत दिवस उजाडण्यापूर्वींच कोयता हातीं घ्यावा लागतो. ताक नाहीं, रात्रीं जास्त भाकऱ्या थापण्याइतकें त्राण नाहीं, आणि मुलांच्या हातावर चहाबरोबर बिस्किटांचा पुडा पडतो. तो सोयीचा आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यांत मैदा व साखर यांपलीकडे फारसें कांहीं नसतें, आणि वाढत्या मुलाला तें पुरत नाहीं. कुपोषणासाठीं या जिल्ह्याचें नांव वारंवार घेतलें जातें तें उगीच नव्हे. मुलींच्या दृष्टीनें पाहिलें तर तोटा आणखी निराळा आहे: ज्या सहा महिन्यांत त्या आईशेजारीं बसून पीठ कालवावयास शिकल्या असत्या, ते महिने फडावर जातात. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. शहरांत ज्वारीच्या शेवया महाग पाकिटांतून विकल्या जाऊं लागल्या, आणि ज्यांच्या घरची ती ज्वारी, त्यांच्या मुलांना बिस्किटें. हा व्यवहार विचित्र खरा.

तरी फडावरही कांहीं करतां येतें. पीठ दळून नेण्यापेक्षां धान्य न्यावें. पीठ जुनें झालें म्हणजे त्याची विरी जाते, आणि भाकरी थापतांना कडा फाटतात. असें विरी गेलेलें पीठ फेंकूं नये. धिरड्याला विरी लागत नाहीं, तें तव्यावर पसरतांच धरतें. चार भाग ज्वारीच्या पिठांत एक भाग उडदाचें पीठ मिसळलें तर अधिकच चांगलें. रात्रीं चूल विझतांना भांडें तिच्या कडेला, फार तापणार नाहीं अशा अंतरावर ठेवावें, म्हणजे थंडींतही पीठ फुलतें. ताक मिळालें नाहीं तर साध्या पाण्यांत कालवून ठेवलें तरी चालतें. एक-दोन दिवसांत तें आपोआप आंबतें, आणि त्यांतलेंच वाटीभर मागें ठेवून पुढच्या रात्रींच्या पिठांत मिसळावें. घाई असेल त्या दिवशीं चिंचेचें पाणी घालून लागलीच धिरडीं घालावीं. पीठ आंबणार नाहीं, पण आंबटपणा येईल.