मुळ्याचा फुलोरा: जांग ही-बिनची दुसरी बाजू

सोलच्या वायव्येला, गोयांग शहरात, सोओरुंग नावाचा राजसमाध्यांचा परिसर आहे. जोसॉन घराण्यातला राजा सुकजोंग आणि त्याची राणी इन-ह्योन यांच्या समाध्या तिथे शेजारी-शेजारी आहेत. त्याच आवारात, जरा बाजूला, एक साधी समाधी आहे. ती मुळात तिथली नव्हे, १९६९ साली दुसरीकडून हलवून आणलेली. ती जांग ही-बिनची. ही बाई याच राजाची उपपत्नी, मग काही वर्षं पट्टराणी, पुढच्या राजाची आई. आणि १७०१ साली याच राजाच्या हुकुमानं तिला प्राण सोडावे लागले.

कोरियात तिचं नाव म्हणजे सवतीवर करणी करणाऱ्या कपटी बाईचं नाव. तिच्याबद्दलचं एक बालगीत अजूनही सांगितलं जातं. मिनारी ही पालेभाजी बारमाही टिकते आणि मुळ्याचा फुलोरा एका हंगामात सुकतो, असा त्याचा आशय. खोच अशी, की इन-ह्योन मिन घराण्यातली, आणि मुळ्याच्या फुलोऱ्याला कोरियन भाषेत म्हणतात ‘जांगदारी’. १९७१च्या मालिकेत जांग ही-बिन साकारणाऱ्या युन यो-जोंग यांना अर्ध्या शतकानं, २०२१ साली, ऑस्कर मिळालं ते ‘मिनारी’ याच नावाच्या चित्रपटासाठी.

१९६१पासून मोठ्या आणि छोट्या पडद्यावर ही खलनायिका पुन्हापुन्हा आली. २०१३ साली एसबीएस वाहिनीच्या ‘जांग ओक-जोंग, लिव्हिंग बाय लव’ या २४ भागांच्या मालिकेनं मात्र तिच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. किम ते-हीनं रंगवलेली ओक-जोंग (हे जांगचं मूळ नाव) सुईदोऱ्यात जीव रमणारी, कुळाच्या हीनपणानं पदोपदी अडवली जाणारी आणि राजावर मनापासून प्रेम करणारी आहे. तिच्या डोळ्यांतलं भय पाहताना तीनशे वर्षांच्या शिव्याशापांचं ओझं जाणवतं.

पण तिची खरी कहाणी प्रेमापेक्षा राजकारणाची आहे. तिचं घराणं दुभाष्यांचं. खानदानी उमराव आणि सामान्य रयत यांच्या मधल्या थरातलं. तिच्या वडिलांचा चुलत भाऊ जांग ह्योन दुभाषेगिरीतून गडगंज झालेला होता. दरबारात तेव्हा ‘पश्चिमी’ आणि ‘दक्षिणी’ असे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते. इन-ह्योनचं माहेर पश्चिमींचं. जांगच्या पाठीशी दक्षिणी. १६८० साली सुकजोंगनं दक्षिणींना हाकलून पश्चिमींना आणलं. १६८८मध्ये जांगला मुलगा झाला. त्याला वारस ठरवण्याला विरोध होताच, १६८९मध्ये राजानं पश्चिमींना उखडलं. त्यांचे वयोवृद्ध विद्वान पुढारी सोंग सी-योल यांना विष देण्यात आलं, इन-ह्योनला राणीपदावरून काढलं आणि जांग राणी झाली. १६९४मध्ये पुन्हा उलट: दक्षिणी बाहेर, इन-ह्योन परत, जांग खाली. दर वेळी दरबार बदलणारा हात एकच होता, राजाचा. लोकांनी मात्र हे सगळं दोन सवतींचं भांडण म्हणून लक्षात ठेवलं.

याचं कारण लिहिणाऱ्यांत सापडतं. पश्चिमी गटातले किम मान-जुंग यांची ‘सास्सी नामजोंगगी’ ही कादंबरी सुशील पत्नी आणि दुष्ट उपपत्नीची. तिच्यात लोकांनी इन-ह्योन आणि जांगच पाहिल्या. दरबारी इतिहासाचं तर आणखी विलक्षण. १७०१ साली इन-ह्योन वारली. जांगनं तिच्यावर करणी केली, ही बातमी राजाच्या कानावर घातली सुक-बिन चोए या दुसऱ्या उपपत्नीनं, असं त्याच इतिहासात नोंदलं आहे. तो इतिहास १७२८ साली पुरा झाला तेव्हा गादीवर होता योंगजो, याच सुक-बिनचा मुलगा. तोंड बळेच उघडून जांगला विष पाजल्याचं जे दृश्य पडद्यावर गाजलं, तेही त्या इतिहासात नाही. तिथे आहे स्वतःच जीव देण्याची आज्ञा.

म्हणूनच २०१३च्या मालिकेबद्दल मला कृतज्ञता वाटते आणि खंतही. तिनं जांगच्या कपाळावरचा डाग पुसला, पण तोच डाग इन-ह्योन आणि सुक-बिन यांच्या कपाळी लावला. राजा तेवढा प्रेमवेडा नायक राहिला. एका बाईला न्याय द्यायचा तर दुसरीला खलनायिका करावंच लागतं, ही जुनी सवय या मालिकेलाही सुटली नाही.

जांगच्या मृत्यूच्या सुमारास सुकजोंगनं फर्मान काढलं की यापुढे कोणतीही उपपत्नी राणी होणार नाही. त्या फर्मानानं सुक-बिनची वाटही कायमची बंद केली. सोलमध्ये चिलगुंग नावाचं आवार आहे. राणीपद नसलेल्या राजमातांची सात देवघरं तिथे आहेत. जांगच्या नावाची पाटी तिथे आहे आणि सुक-बिनच्याही. जिनं कागाळी केली ती आणि जिचा जीव गेला ती, दोघींची पूजा एकाच कुंपणात होते. त्या कुंपणाइतकी मोठी मालिका अजून कुणी लिहिलेली नाही.