ऱ्हाइनचे दोन तीर

आल्प्स पर्वतात उगम पावणारी ऱ्हाइन नदी उत्तरेकडे वाहत जाताना काही अंतरापर्यंत फ्रान्स आणि जर्मनी या दोन राष्ट्रांची सीमा बनते. तिच्या पश्चिम तीरावर आल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग हे फ्रेंच नगर वसले आहे. समोरच्या तीरावर केल हे लहानसे जर्मन नगर आहे. मध्ये नदीचे पात्र तेवढे!

१८७१ साली फ्रान्सचा पराभव झाला आणि आल्सास जर्मनीकडे गेला. १९१८ मध्ये तो फ्रान्सला परत मिळाला, १९४० मध्ये जर्मनीने तो पुन्हा बळकावला, आणि १९४४-४५ मध्ये तो पुन्हा फ्रेंचांच्या हाती आला. १८७० साली तेथे जन्मलेल्या व पाऊणशे वर्षे जगलेल्या मनुष्याने आपले घर कधीही सोडले नसले, तरी त्याचे राष्ट्र चार वेळा बदलले. १९४० नंतर तर फ्रेंच बोलण्यास मनाई झाली. डोक्यावर फ्रेंच पद्धतीची गोल टोपी घालणेही निषिद्ध ठरले.

युद्धात पडलेल्या वीरांची स्मारके सर्वच राष्ट्रे उभारतात आणि त्यांनी कोणासाठी प्राण वेचले, हे त्यांवर कोरतात. स्ट्रासबुर्गपुढे मात्र मोठाच पेच होता. पहिल्या महायुद्धात तेथील बहुतेक तरुण जर्मन सैन्यात होते, आणि युद्ध संपताच नगर फ्रान्सचे झाले. मग स्मारकावर लिहावे काय? १९३६ साली उभारलेल्या त्या शिल्पात एक माता आपल्या दोन मरणोन्मुख पुत्रांना सावरून बसली आहे. एक फ्रान्सच्या बाजूने लढलेला, दुसरा जर्मनीच्या. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली ‘आमच्या मृतांस’ एवढेच शब्द आहेत. इतके बोलके शिल्प समोर असतानाही चारच वर्षांनी जर्मन सैन्य नगरात शिरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही राष्ट्रांनी निराळा मार्ग धरला. १९६३ साली मैत्रीचा करार झाला आणि एका देशातील मुले दुसऱ्या देशात राहावयास जाऊ लागली. १९८५ साली शेंगेन या गावी झालेल्या करारानुसार १९९५ पासून सीमेवरील नित्याची तपासणी थांबली. याहून अवघड काम इतिहासकारांनी केले. एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराजय. तरीही त्यांनी दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांसाठी एकच इतिहासाचे पुस्तक लिहिले. त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला, आणि २००८ च्या खंडात दोन्ही महायुद्धांचा काळही आला. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट केलला जाते.

तर मग परक्यांविषयीचा द्वेष सरला काय? २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ पसरताच हीच सीमा बहुतेकांसाठी बंद झाली. सीमेलगतच्या सारलांड या जर्मन प्रांतात कामाला येणाऱ्या काही फ्रेंच लोकांना शिवीगाळ सहन करावी लागली; त्याबद्दल जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीरपणे दुःख व्यक्त केले. त्याच दिवसांत आल्सासमधील अत्यवस्थ रुग्णांना जर्मन रुग्णालयांनी आपल्याकडे आणून उपचार केले, हेही खरे आहे.

फ्रेंच व जर्मन यांचे जुने वैर बरेच निवळले आहे. परंतु आता दोन्ही देशांत कित्येकांच्या मनातील संशय दूरदेशांहून आश्रयासाठी येणाऱ्यांकडे वळला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि तीत फ्रान्सची सीमाही आली.