जुनी बजाज स्कूटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या वस्तीला नावच एका कारखान्यावरून मिळाले, त्या वस्तीत त्या कारखान्याच्या वाहनाविषयी घरोघर अचूक माहिती असावी, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी बजाजनगरचा अनुभव तिला सर्वस्वी दुजोरा देत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रातील या वसाहतीत स्कूटर जुळवण्याच्या कामावर उमेदीची वर्षे खर्ची घातलेली माणसे आजही भेटतात. परंतु मोठ्या कारखान्यातील काम हे विभागलेले काम असते आणि ज्याने वर्षानुवर्षे चाकाचा भाग जोडला, त्याने इंजिनाच्या पोटात डोकावून पाहिलेलेच असते असे नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या पदरी सत्याचा एकेक तुकडा पडला, आणि त्या तुकड्यांमधील रिकाम्या जागा ऐकीव गोष्टींनी भरून निघाल्या.

इंग्लंड-अमेरिकेत बागेतले गवत कापणारे व किरकोळ मशागत करणारे जुने लहान ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा चालते करणे हा एक प्रतिष्ठित छंद मानला जातो. आपल्याकडे बागाही तेवढ्या नाहीत आणि तसले ट्रॅक्टरही नाहीत. तो मान येथे वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलेल्या, जिन्याखाली धूळ खात पडलेल्या स्कूटरने पटकावला आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याची वाट अडवतात ते बहुधा पुढील गैरसमज होत.

गैरसमज 1 : चेतक वाळूजला जन्मली, आणि ती व्हेस्पाची निव्वळ नक्कल होती.

वस्तुस्थिती : 1945 मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने 1948 पासून परदेशी दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकली, 1959 मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळवला, आणि 1960 च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीशी रीतसर करार करून व्हेस्पा 150 येथे बनवली. तो करार 1971 मध्ये संपुष्टात आला आणि 1972 मध्ये महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण करणारी चेतक बाजारात आली, तेव्हा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस होता. वाळूजच्या कारखान्याची पायाभरणी 19 जानेवारी 1984 रोजी झाली, अवघ्या 16 महिन्यांत तेथे उत्पादन सुरू झाले, आणि 5 नोव्हेंबर 1985 रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे चेतक वाळूजच्या कारखान्याहून तेरा वर्षांनी वडील ठरते. व्हेस्पाशी असलेले तिचे साम्य करारातून आलेल्या कुळाचे आहे. 57 मिलिमीटर व्यास आणि तितकाच दट्ट्याचा पल्ला असलेले 145.45 घनसेंटिमीटरचे इंजिन ही त्या कुळाचीच खूण. दुरुस्ती करणाऱ्याला या कुळाचा फायदाच होतो, कारण इंजिनाच्या रचनेविषयी इतरत्र साठलेले ज्ञान त्याला आयते उपयोगी पडते.

गैरसमज 2 : 15 वर्षे झाली की गाडी कायद्याने भंगारात जमा.

वस्तुस्थिती : हा समज दिल्लीहून आला आहे. राजधानी परिसरात 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशाने निर्बंध आले, आणि त्या बातमीला देशभरच्या कायद्याचे रूप लोकांनी परस्पर देऊन टाकले. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 41 नुसार खासगी वाहनाची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते, आणि तपासणीत वाहन सुस्थितीत आढळल्यास तिचे पाच पाच वर्षांच्या मुदतीने नूतनीकरण होते. त्यासाठी नमुना 25 मध्ये अर्ज, विमा, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, शुल्क आणि महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर आकारला जाणारा पर्यावरण कर, एवढे सोपस्कार पार पाडावे लागतात. टू-स्ट्रोक इंजिनावर सरसकट बंदी आहे ही समजूतही निराधार आहे. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकीसाठी संथ गतीवरील धुरात कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंत चालतो, आणि नीट जुळवलेले जुने इंजिन या मर्यादेत राहू शकते. मात्र मुदत उलटून वर्षे लोटली असतील, किंवा नोंद दिवंगत मालकाच्या नावावर असेल, तर रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी; वारसाच्या नावाने हस्तांतर झाल्यावाचून पुढचे कोणतेच काम मार्गी लागत नाही.

गैरसमज 3 : जुनी स्कूटर म्हणजे विंटेज.

वस्तुस्थिती : बोलण्यात काहीही म्हणावे, कायद्याच्या लेखी मात्र तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांनाच हा दर्जा मिळतो. त्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक दिला जातो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. वाळूजच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली स्कूटरसुद्धा 2035 पूर्वी या व्याख्येत बसणार नाही. शिवाय विंटेज ठरलेले वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते; तेव्हा ज्याला स्कूटरवरून रोज कामावर जायचे आहे, त्याने एमएच-20 क्रमांकाची साधी नोंदणीच जिवापाड जपावी.

गैरसमज 4 : पेट्रोलमध्ये तेल जितके अधिक, तितके इंजिनाला आयुष्य.

वस्तुस्थिती : टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते व जळते. दुचाकीसाठी टू-टी तेलाचे प्रमाण 2 टक्के, म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर, असे निर्मातेच सांगत आले. त्याहून अधिक घातलेले तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी प्लगच्या टोकावर, दट्ट्याच्या माथ्यावर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचते, गाडी चढावर दम टाकते, आणि मालक इंजिन म्हातारे झाले असे समजून आणखी तेल ओततो. नवा दट्ट्या बसवल्यानंतरच्या पहिल्या काही किलोमीटरपुरते प्रमाण किंचित वाढवणे निराळे. एरवी मापाचे भांडे हाच उत्तम उपाय होय.

गैरसमज 5 : शिशाविना पेट्रोल आल्यापासून जुनी इंजिने बिघडू लागली.

वस्तुस्थिती : शिशाचे पाठबळ लागत असे ते फोर-स्ट्रोक इंजिनांतील झडपांच्या बैठकींना, चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात तसल्या झडपाच नाहीत. खरी दक्षता हवी ती आज मिळणाऱ्या 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबाबत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते व जुन्या प्रकारच्या रबराला अपाय करते. म्हणून पेट्रोलची नळी व रबरी वॉशर नव्या जातीचे बसवावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

गैरसमज 6 : स्कूटर तिरकी केल्यावर सुरू होते, हा तिचा स्वभावच आहे.

वस्तुस्थिती : इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे स्कूटर कलती केली की कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी बदलते आणि क्षणभर मिश्रण दाट होऊन पहिला स्फोट घडतो; यात चमत्कार काही नाही, तसाच उपचारही काही नाही. रोज कलती करावी लागणारी स्कूटर आपली तक्रारच सांगत असते. चोकची केबल ढिली पडलेली असेल, फ्लोटची सुई झिजलेली असेल, प्लगमधील फट वाढलेली असेल, अथवा जुन्या बनावटीत पॉइंट जळलेला व कंडेन्सर निकामी झालेला असेल. यांपैकी एकही दुरुस्ती फार खर्चाची नाही. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करण्याची शिस्त पाळली, तर झिजलेल्या सुईतून पेट्रोल इंजिनात उतरण्याचा उपद्रवही थांबतो.

गैरसमज 7 : पांढरा धूर येऊ लागला की ब्लॉक-पिस्टन बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत अधिक पैसा नाहक खर्च होतो तो या समजुतीपायी, म्हणून तिचा विस्ताराने परामर्श घेणे इष्ट होय. क्रँकच्या दोन्ही बाजूंस एकेक ऑइल सील असते. क्लचच्या बाजूचे सील कडक होऊन फाटले, की गिअरबॉक्समधील तेल इंजिनात ओढले जाऊन जळते. धूर दाट व पांढरट येतो, आणि गिअरचे तेल कोठेही न सांडता कमी होत जाते. कधी याच वाटेने उलट प्रवास होतो. मग गिअरबॉक्सचे तेल वाढलेले दिसते व त्याला पेट्रोलचा वास येतो. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले, तर लक्षणे अगदी वेगळी: बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वेगाने भणभणत राहते, प्लगचे टोक तपकिरी न दिसता पांढरे पडते, आणि एखाद्या दुपारी लांब रस्त्यावर दट्ट्या ब्लॉकमध्ये अडकून चाक जागीच आवळले जाते.

अशा इंजिनाला नवा दट्ट्या घालून सील जुनेच ठेवले, तर थोड्याच दिवसांत तोही दट्ट्या चिकटतो, आणि दोष मात्र सुट्या भागाच्या दर्जावर ढकलला जातो. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: गिअरच्या तेलाची पातळी व वास, आणि प्लगच्या टोकाचा रंग. इंजिन एकदा उघडलेच, तर दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगे विनातक्रार बदलावीत. मजुरी तीच पडते. ब्लॉक खरोखरच झिजला असेल तर तो बोअर करून पुढच्या मापाचा दट्ट्या बसवता येतो, कारण त्याचे बीड जाड असते; परंतु अशी मापे मोजकीच असतात, तेव्हा पहिल्याच खेपेस मोठ्या मापावर उडी घेणारा कारागीर मालकाचे भांडवलच खरवडून टाकत असतो.

गैरसमज 8 : झगझगीत रंग म्हणजे पुनरुज्जीवन.

वस्तुस्थिती : मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो, या स्कूटरला तो नाही, तिचा दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. पाय ठेवण्याच्या जागेखालचा पत्रा गंजला, तर ती केवळ कुरूप होत नाही, दुर्बळ होते. रबरी पट्ट्या व चटई काढून खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे: निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द बोलतो, आणि जेथे टोक आत जाते तेथे लांबी भरून रंग मारणे ही सरळसरळ फसवणूक ठरते. तो भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करावा. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवावी आणि बॅटरी असल्यास तिच्या तारा सोडाव्यात. आतल्या पोकळ भागांत गंजरोधक द्रव सोडावा आणि नंतरच प्रायमर व रंग द्यावा. या कामात चेसिसचा क्रमांक घासला जाणार नाही किंवा रंगाच्या थराखाली बुजणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या क्रमांकाची रुजुवात पटली नाही, तर नोंदणीचे नूतनीकरण अडते.

गैरसमज 9 : चाक काढणे कोणालाही जमते.

वस्तुस्थिती : चाक काढणे सोपे खरे, पण त्याची रिम दोन भागांची असते, काही नट चाकाला ड्रमशी जोडतात, तर काही रिमचे दोन भाग एकमेकांशी. ट्यूबमध्ये हवा असताना चुकून दुसऱ्या प्रकारचे नट सोडले, तर दाबाने रिमचे भाग फेकले जाऊन हात मोडण्याचा प्रसंग येतो. प्रथम हवा पूर्ण सोडावी, मग पाना लावावा. जुन्या ब्रेक-शूच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नक्षी शाबूत दिसत असली तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे टायर ठेवू नयेत, कारण रबर धावण्याने झिजते, तसेच नुसत्या काळानेही कडक होऊन चिरते.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ खर्चाच्या क्रमात आहे. कागदपत्रे प्रथम, चाके व ब्रेक त्यानंतर, मग इंजिन, चौथ्या स्थानी पत्रा, आणि रंग सर्वांत शेवटी. बहुतेक मालक नेमका याच्या उलट क्रम धरतात, आणि नवा रंग ल्यालेली पण चार किलोमीटरही धड न चालणारी गाडी पुन्हा जिन्याखाली नेऊन उभी करतात. बजाजनगरात राहणाऱ्याला आणखी एक सोय उपलब्ध आहे, ती त्याने दवडू नये. शेजारच्या निवृत्त कामगाराकडे संपूर्ण स्कूटरविषयीचा सल्ला मागू नका; त्यांनी कोणत्या विभागात काम केले ते विचारा, आणि तेवढ्याच भागाविषयी त्यांचे म्हणणे वहीत उतरवून घ्या. त्या भागाविषयी त्यांचा हात जे जाणतो, ते कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नाही, आणि ते सांगणारी पिढी आता वृद्ध होत चालली आहे.