मेंढ्या मोजू नका, कोकरे मोजा

मंडळी, आमचा भाग माण तालुक्याचा. पाऊस थोडा आणि माळरान फार. विहिरीला पाणी असले तर ज्वारी-बाजरी होते. नाही तर कित्येक घरे मेंढरांवरच चालतात. आपली दख्खनी मेंढी मोठी काटक. ऊन सोसते, कोसकोस चालते, झुडपांचा पाला खाऊन जगते. ती कशीही जगते, म्हणून आपण तिच्याकडे नीट पाहत नाही. तिथेच आपले नुकसान होते. ते कसे, हे एका घराची गोष्ट सांगून समजावतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. चौथीत त्याची शाळा सुटली आणि तो मेंढरांमागे गेला. एकदा शिमग्याच्या सुमारास तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. तोंड उतरलेले होते. म्हणाला, "गुर्जी, औंदा वाडा मोडावा म्हणतो. चाळीस मेंढरं हायती, पर हातात कायबी राहत न्हाई. पोरीचं लगीन तोंडावर आलंय."

मी म्हणालो, "अरे, मेंढरे चाळीस हे कळले. कोकरे किती वाढली, ते सांग."

तो गप्प झाला. मग बोटांवर मोजू लागला. मी पाटी घेतली आणि लिहीत गेलो.

मेंढ्या 40
त्यांतल्या व्याल्या 34
मेलेली कोकरे 11
उरलेली कोकरे 23

पाटी त्याच्यापुढे धरली. म्हणालो, "चाळीस तोंडे वर्षभर चरली आणि कोकरे वाढली तेवीस. तुझी घागर गळकी आहे, बाबा. मेंढरे विकण्याआधी भोके कुठे आहेत ते पाहू."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वाड्यावर गेलो.

पहिले भोक : सहा मेंढ्या रिकाम्या

आधी आम्ही रिकाम्या सहा मेंढ्यांचे दात पाहिले. मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दीड वर्षाच्या सुमारास दोन मोठे दात येतात. पुढे दोन दोन वाढत चौथ्या वर्षाच्या सुमारास आठ होतात. त्यानंतर दात झिजतात, हलतात, पडतात. मग मेंढीला चरता येत नाही. ती रोडावते आणि फळत नाही. सहांपैकी चार मेंढ्या अशा म्हाताऱ्या निघाल्या.

मग मेंढा पाहिला. चाळीस मेंढ्यांना मेंढा एकच, तोही बारीक अंगाचा. एका मेंढ्याला पंचवीस ते तीस मेंढ्या पुष्कळ झाल्या. मी विचारले, "हा कुठून आणलास?"

"घरचाच हाय, गुर्जी. याच्या बरोबरीचे चांगले नर चांगल्या भावानं गेले. याला कुणी घेईना, म्हणून ठिवला."

त्याची म्हातारी आई घोंगडीवर बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या आज्याच्या येळला असं नव्हतं रं. नर दुसऱ्या वाड्याचा आणायचा, आपला त्यांला द्यायचा. दोन वर्सं झाली की पुन्ना बदलायचा."

म्हातारी शाळेत गेली नव्हती. पण तिचे बोलणे शास्त्राला धरून आहे. मेंढी बहुधा वर्षाला एकच कोकरू देते. मेंढा मात्र एका हंगामात पंचवीस कोकरांचा बाप होतो. मेंढीचा दोष एका कोकरात उतरतो, मेंढ्याचा दोष पंचवीस कोकरांत उतरू शकतो. शिवाय तोच मेंढा वर्षानुवर्षे ठेवला, तर त्याच्या लेकी मोठ्या होऊन त्यालाच लागतात. मग कोकरे लहान आणि अशक्त निपजतात.

म्हणून सर्वांत चांगला नर विकू नका. तो पैदाशीला ठेवा आणि दूरच्या कळपातल्या तशाच चांगल्या नराशी अदलाबदल करा. निवडताना चार गोष्टी पाहा. त्याची आई दुधाळ असावी. तो लहानपणी झपाट्याने वाढलेला असावा. पाय सरळ असावेत. दोन्ही अंड सारखे आणि भरलेले असावेत. दीड वर्षाच्या आत त्याच्यावर कळपाचा भार टाकू नका.

दुसरे भोक : सात कोकरे पहिल्या तीन दिवसांत गेली

मेलेल्या अकरांपैकी सात कोकरे जन्मल्यावर तीन दिवसांत गेली होती. "कुणाची नजर लागली असंल," असे घरात बोलले जात होते. नजर-बिजर काही नाही. ती उपासमार होती, आणि ती आईच्या पोटातच सुरू झाली होती.

मेंढीचे पोट सुमारे पाच महिन्यांचे, म्हणजे 150 दिवसांचे असते. पोटातले कोकरू पहिले साडेतीन महिने थोडेसेच वाढते. त्याची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमके तेव्हा आईला पोटभर मिळाले नाही, तर कोकरू हलके निपजते आणि आईच्या कासेला दूध उतरत नाही.

आता तारखेचा हिशेब करू. समजा, मेंढा 1 जुलैला कळपात सोडला. दीडशे दिवस मोजले की 28 नोव्हेंबर येतो. त्या सुमारास मेंढ्या विऊ लागतील. त्याच्या सहा आठवडे आधी, म्हणजे 17 ऑक्टोबरपासून, चरून आल्यावर गाभण मेंढीला रोज पाव किलो खुराक द्या. निम्मी मक्याची किंवा ज्वारीची भरड, चौथा हिस्सा पेंड, बाकी कोंडा आणि चिमूटभर मीठ. एकदम पाव किलो घालू नका. मुठीने सुरुवात करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एकदम दाणा घातला तर पोट बिघडून मेंढी मरते.

खर्च किती? रोज पाव किलो, दिवस 42. म्हणजे एका मेंढीला साडेदहा किलो. आपल्या बाजारचा भाव विचारून गुणाकार करा आणि एका वाढलेल्या कोकराची किंमत शेजारी मांडा. मग ठरवा.

विताना मेंढीजवळ माणूस हवा. कोकराचे नाक-तोंड पुसा. नाळेला दवाखान्यातले आयोडीनचे औषध लावा. शेण-माती लावू नका. मग सडातली पहिली धार पिळून टाका आणि कोकराला तासाभरात चीक पाजा. कित्येक जण "चीक बाधतो" म्हणून तो काढून टाकतात. ही मोठी चूक आहे. कोकरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद जवळजवळ नसते. ती चिकातूनच मिळते, आणि पहिल्या काही तासांतच कोकराच्या रक्तात उतरते. उशीर झाला की वेळ गेली. अशक्त कोकराला धरून पाजा. त्याला गोणपाटावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा.

तिसरे भोक : चार कोकरे एका रात्रीत

उरलेली चार कोकरे दोन महिन्यांची होऊन गेली. ज्वारी काढलेल्या रानात मेंढरे बसवली होती. गळालेली कणसे कोकरांनी अधाशासारखी खाल्ली. सकाळी चार मरून पडलेली. "गुर्जी, सगळ्यात गुबगुबीत हुती तीच गेली," असे सांगताना त्याचा गळा दाटला.

हा आंत्रविषार रोग. याचे जंतू मेंढराच्या आतड्यात एरवीही थोडे असतात. दाणा, कोवळे गवत किंवा फार दूध एकदम पोटात गेले, की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. म्हणून खाणारे, धष्टपुष्ट कोकरूच आधी जाते. औषधाला वेळ मिळत नाही. उपाय एकच, आधी लस टोचणे. दरसाल पावसाळ्यापूर्वी सगळ्या कळपाला ही लस द्यावी. आईला लस दिलेली असली, तर चिकातून कोकरालाही काही आठवडे आधार मिळतो. पुढे कोकराला कधी टोचायचे, ते गुरांच्या डॉक्टरांना विचारा. पीपीआर या रोगाचीही लस आहे. ती एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे काम करते. जंताचे औषध मात्र अंदाजाने पाजू नका. लेंड्या दवाखान्यात दाखवा, मग पाजा.

पुढे काय झाले

त्याने वाडा मोडला नाही. चार म्हाताऱ्या मेंढ्या विकल्या. त्या पैशात गाभण मेंढ्यांचा खुराक आला आणि वर थोडे उरले. जुना मेंढा काढून दोन नवे मेंढे बाहेरून आणले. लसी वेळेवर टोचल्या. पुढच्या हंगामात मेंढ्या होत्या 36. व्याल्या 34. कोकरे मेली 3. उरली 31. मेंढ्या चार कमी आणि कोकरे आठ जास्त! पोरीचे लग्न झाले. मी जेवायला गेलो होतो.

परवा तो विचारत होता, "जुळी देणारी मेंढरं आणू का?" अशी मेंढी आहे. बंगालमधल्या सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी बहुधा जुळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 नंतरच्या काळात तिचा तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला. त्यातून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. काम मोलाचे आहे. पण मी त्याला म्हणालो, "जुळ्यांच्या आईला जास्त खुराक लागतो आणि जास्त लक्ष लागते. ज्याची घागर गळत नाही, त्यानेच तीत जास्त पाणी ओतावे."

मंडळी, तुम्हाला आता लिहिता येते. एक वही करा. मेंढीच्या कानाची खूण, व्यायल्याची तारीख, कोकरू नर की मादी, आणि जगले की गेले, एवढेच लिहा. गेले असेल तर कितव्या दिवशी, तेही लिहा. वर्षाच्या शेवटी वहीच सांगेल, कोणती मेंढी ठेवायची, कोणती विकायची आणि भोक कुठे आहे. आणि कोणी विचारले, "तुझी मेंढरे किती?" तर सांगा, "औंदा कोकरे इतकी वाढली."