परिचालन प्रणालींची जाळ्यावरून स्वयंचलित प्रतिष्ठापना

संगणकास चकती किंवा पेनड्राइव्ह न जोडता, स्थानिक जाळ्यावरील सर्व्हरकडून लिनक्स, विंडोज यांसारखी परिचालन प्रणाली घेऊन ती माणसाच्या उपस्थितीवाचून बसविण्याची पद्धती. प्रतिष्ठापनेच्या वेळी भाषा, कळफलक, कालविभाग, हार्ड डिस्कची विभागणी, आज्ञावलींची निवड, परवलीचा शब्द इ. बाबींविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे या पद्धतीत आधीच एका फाइलीत लिहून ठेवलेली असतात. या उत्तरसंचास रूपरेखा किंवा व्यवहारात प्रोफाइल म्हणतात. सर्व पद्धतीचा भर या रूपरेखेवर असतो. बाकीची यंत्रणा ती संगणकापर्यंत पोहोचविण्यापुरतीच असते.

या यंत्रणेचे घटक निरनिराळ्या काळी तयार झाले. फाइल पाठविण्याचा टीएफटीपी हा साधा संकेत १९८१ मध्ये आणि डिस्क नसलेल्या संगणकास जाळ्यातील पत्ता देणारा बूटपी हा संकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बूटपीचाच विस्तार असलेला डीएचसीपी १९९३ मध्ये आला. इंटेल कंपनीने पीएक्सई या विनिर्देशाची २·१ ही आवृत्ती १९९९ मध्ये काढली व जाळ्यावरून सुरू होण्याची क्षमता सामान्य संगणकांत रूढ झाली. प्रोफाइल हा शब्द सन मायक्रोसिस्टिम्सच्या जम्पस्टार्ट या व्यवस्थेत आढळतो. तीत यंत्राचा नमुना, स्मृतीची क्षमता किंवा पत्ता पाहून कोणत्या संगणकास कोणती रूपरेखा द्यावयाची, हे नियमांची एक स्वतंत्र फाइल ठरवीत असे. रेड हॅटची किकस्टार्ट, डेबियनची प्रीसीड, सूझेची ऑटोयास्ट व विंडोजची अनअटेंड या त्याच जातीच्या व्यवस्था होत.

संगणक सुरू होताच त्याचे जाळे-पत्रक डीएचसीपीकडे पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबरच सर्व्हरचे स्थान व आरंभक फाइलीचे नाव येते. ती फाइल टीएफटीपीने आणली जाते. हा संकेत मूळ स्वरूपात ५१२ बाइटांचा एकेक खंड पाठवून प्रत्येकाची पोच घेतो, त्यामुळे तो मंद आहे. म्हणून त्याच्याकडून गाभा व प्रतिष्ठापक एवढेच आणवून पुढील मोठा मजकूर एचटीटीपीने घेतात. पीएक्सलिनक्स हा आरंभक आपल्या सूचना शोधताना संगणकाच्या जाळे-पत्रकाच्या क्रमांकाची फाइल पाहतो, नंतर त्याच्या पत्त्याच्या षोडशमान रूपाची. ती न मिळाल्यास शेवटचा एकेक अंक गाळत जातो आणि अखेरीस सर्वांसाठी ठेवलेल्या सामान्य फाइलीवर येतो. ही सामान्य फाइल फार महत्त्वाची असते. त्याचे कारण पुढे येईल.

पुणे जिल्ह्यातील बारामती येथे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (स्थापना १९६२) व विद्या प्रतिष्ठान (स्थापना १९७२) यांच्यामुळे उच्च शिक्षणाची केंद्रे उभी राहिली. इंदापूर तालुक्यातही विज्ञान व अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयातील ४० संगणकांची प्रयोगशाळा उदाहरणादाखल घेता येईल. हाताने बसवावयाचे तर दर संगणकामागे अर्धा तास धरला तरी एका माणसाचे २० तास जातात, आणि चाळिसांपैकी चार-पाच तरी इतरांहून निराळे होतात. जाळ्यावरून प्रत्येकी २ गिगाबाइट द्यावयाचे झाल्यास एकूण ८० गिगाबाइट होतात. सर्व्हरची जोडणी सेकंदास १०० मेगाबिटांची असेल, तर एवढे वाहून नेण्यास किमान पावणेदोन तास लागतात. १ गिगाबिटाची असेल, तर सु. ११ मिनिटे. महाजालावरून तेच ४० वेळा उतरविणे परवडत नाही, म्हणून आज्ञावलींचे भांडार सर्व्हरवरच उतरवून ठेवतात.

रूपरेखा लिहिताना स्थानिक गरजा पाहाव्या लागतात. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक व देवनागरी टंक, कालविभाग आशिया/कोलकाता, प्रात्यक्षिकांसाठी सी भाषेचा संकलक व पोस्टग्रेस ही नेहमीची निवड. एकाच यंत्रावर विंडोजही असेल, तर घड्याळाकडे लक्ष द्यावे लागते : विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे समजते, लिनक्स बहुधा जागतिक वेळेचे, आणि मग विद्यार्थ्याच्या फाइलीवर बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. कॉबलर या साधनात वितरण, रूपरेखा व यंत्र असे तीन स्तर असून एका रूपरेखेपासून दुसरी काढता येते. सर्व प्रयोगशाळांस समान असलेला भाग एकदाच लिहून एखाद्या वर्गासाठी फक्त भर घालावी, हे इष्ट.

खरा धोका डिस्कच्या विभागणीत आहे. किकस्टार्टमध्ये सर्व विभाग पुसण्याची आज्ञा एका ओळीची असते आणि पुसण्यापूर्वी कोणी विचारीत नाही, कारण न विचारणे हाच पद्धतीचा हेतू होय. समजा, यंत्रे प्रथम जाळ्यावरून सुरू होतील असा क्रम लावलेला आहे आणि सामान्य फाइलीत प्रतिष्ठापनेची आज्ञा आहे. रात्री वीज जाऊन परत आली आणि यंत्रे आपोआप सुरू झाली, की चाळीसही संगणक स्वतःस नव्याने बसवून घेतात. विद्यार्थ्यांचे प्रकल्प व दुसरी प्रणाली नाहीशी होते. ग्रामीण भागात वीज जाणे अपरिचित नाही. म्हणून सामान्य फाइलीत नेहमी ‘स्थानिक डिस्कवरून सुरू व्हा’ एवढेच असावे, प्रतिष्ठापना विशिष्ट यंत्रांनाच नेमून द्यावी व ती एकदा पार पडताच नेमणूक रद्द व्हावी. कॉबलरमध्ये तशी सोय आहे.

महाविद्यालयाच्या जाळ्यात आधीचा डीएचसीपी असताना दुसरा सुरू केल्यास कार्यालयातील संगणकांनाही भलतेच पत्ते मिळतात. प्रयोगशाळेचे जाळे वेगळे काढणे हा सोपा उपाय. टीएफटीपी कोणाचीही ओळख विचारीत नाही व रूपरेखाही जाळ्यातील कोणालाही वाचता येते. त्यामुळे परवलीचा शब्द तीत उघड लिहू नये, विकृत रूपातच ठेवावा.

रूपरेखा जुन्या होतात, हे बहुधा उशिरा ध्यानात येते. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीने २०२० मध्ये प्रतिष्ठापक बदलला, तेव्हा तिच्यासाठी लिहिलेल्या प्रीसीड फाइली नव्या प्रतिष्ठापकास चालेनाशा झाल्या. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला व तिचे भांडार नेहमीच्या पत्त्यावरून हलवून संग्रहात टाकण्यात आले. जुना पत्ता लिहिलेली रूपरेखा तेव्हापासून भांडार न सापडल्याने थांबते. स्वतःचे भांडार बाळगणाऱ्या प्रयोगशाळेत ती अजूनही विनातक्रार चालते, पण तिने बसविलेल्या प्रणालीस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.